भोईर सरांचा दुसरा पावसाळा

भोईर सर डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून तीन प्रश्न विचारत. कुठून आलात, किती जण आहात आणि किती वाजता खाली उतरणार? उत्तर मिळालं की डाव्या खिशातून तेवढे चिंचोके काढून कमरेला बांधलेल्या डबीत टाकत आणि "जा आता, सावकाश जा" म्हणत वाट मोकळी करत. दर तासाला डबी बदले. पावसात कागद भिजतो, मोबाइल बंद पडतो, चिंचोक्याला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कर्जत तालुक्यातल्या आमच्या त्या डोंगराला बैलखिंडीतून वाट जाते आणि पावसाळ्यात दर रविवारी मुंबई-पुण्याची माणसं धबधबा बघायला त्या वाटेवर लोटतात. सत्तरीचे सर पायात रबरी बूट आणि डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घालून सकाळी सातपासून खिंडीच्या तोंडाशी उभे असत.

मलाही त्यांनी असंच अडवलं होतं. मी रसायनीच्या रस्त्यावरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. कुड्याच्या सालीपासून पोटाच्या विकारावर गोळी करता येईल का, यावर माझी पीएचडी चालली होती. साल आणायला निघाले, तर हे गृहस्थ आडवे. मला उशीर झालेला, त्यात पाऊस.

"तुम्ही वन खात्याचे का?" मी जरा फणकाऱ्यानेच विचारलं.

"नाय गं बाय. मी न्यूट्रॉनवाला."

म्हातारा चळलेला दिसतो, असं मनात म्हणून मी पुढे गेले. उतरताना ते तिथेच होते. माझ्या पिशवीतली साल त्यांनी हातात घेतली, नखाने खरवडून जिभेला लावली आणि म्हणाले, "ही कमी कडू हाय. वरच्या अंगाच्या झाडाची घे. आन् किती झाडांची घेतलीस? तीन? तीन झाडांवरनं कुड्याचा काय सांगणार तू?" माझ्या मार्गदर्शकांनी दोन वर्षांत न विचारलेला प्रश्न या माणसाने दोन मिनिटांत विचारला. पुढच्या रविवारी मी चौकातून बटाटेवडे बांधून घेतले आणि मुद्दाम त्यांना भेटायला गेले.

सर पायथ्याच्याच गावचे. भातशेतीचं घर. कर्जतच्या शाळेत शिकून मुंबईला गेले आणि अणुसंशोधनाच्या सरकारी नोकरीत त्यांनी सगळी उमर न्यूट्रॉनचा प्रवास मांडण्यात घालवली. अणुभट्टीत सुटलेला न्यूट्रॉन कुठे आपटतो, कुठे वळतो, कुठे शोषला जातो आणि भिंतीपलीकडे किती निसटतात, याचं गणित. निवृत्त झाल्यावर गावी परतले ते गावाची भाषा जशीच्या तशी घेऊन. ऑफिसात काय करायचात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मी गप बसायचो. आकडे बोलायचे."

त्यांच्या ओटीवर चहा पिताना मला बरंच शिकायला मिळालं. "एक न्यूट्रॉन कुठं जाईल ते देवाला ठावं," ते सांगत. "पण लाख सोड, मग कितीजण भिंतीबाहेर पडतील ते मी सांगतो. माणसाचं तसंच हाय. एकटा माणूस शहाणा. गर्दीतला माणूस कुठं जाईल ते गणितात बसतं." यावर सरांच्या पत्नी, काकू, आतून म्हणत, "घरातलं मीठ सपलंय ते ह्यांच्या गणितात कवा बसत नाय." सर हसत आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणत, "फरक एवढाच, न्यूट्रॉन एकमेकांना धडकत नायत. माणसं धडकतात. तेवढं गणित मला नवीन करायला लागलं."

ते नवीन गणित बैलखिंडीचं होतं. खिंड दोन माणसांच्या रुंदीची. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सुट्या दगडांचा उतार. अकराच्या सुमाराला चढणारे आणि उतरणारे तिथे समोरासमोर येतात, मागून लोंढा वाढतो, आणि ज्याला धीर धरवत नाही तो वाट सोडून दगडांवर पाय टाकतो. सरांनी एक अख्खा पावसाळा मोजणी केली. किती माणसं वर गेली की किती वेळाने खिंड तुंबते आणि त्यातले किती जण दगडांवर उतरतात, हे त्यांना घड्याळ लावून सांगता येऊ लागलं. उपायही त्यांनी काढला होता. दहानंतर खिंड फक्त चढणाऱ्यांची. उतरणाऱ्यांनी पलीकडच्या ठाकरवाडीच्या वाटेने उतरायचं. वीस मिनिटांचा फेरा पडतो, पण वाट मातीची आणि रुंद आहे. वरच्या तोंडाला दोरी बांधून दोन माणसं बसवली की काम झालं.

"वाडीतल्या बायांची कणसंबी खपतील," ते म्हणाले. त्यांनी वाडीतल्या हिराबाईला आधीच विचारून ठेवलं होतं. ती खिंडीच्या वर कणसं भाजून विकायची आणि सरांची डबी बदलायची वेळ झाली की वरून हाक द्यायची.

तो पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात, मे महिन्याच्या ग्रामसभेच्या बऱ्याच आधी, सरांनी मला आठ पानं दिली. इंग्रजीत, समीकरणांनी भरलेली. "मला गणिताबिगर लिहिता येत नाय. तू ह्याची मराठीत दोन पानं कर. ग्रामसभेत वाचून दाखवू, पावसाळ्याच्या आत दोरी लागंल."

मी ती पानं घरी नेली, वाचली आणि माझी झोप उडाली. न्यूट्रॉनचं गणित डोंगरातल्या पर्यटनाला लावलेलं मी कुठे पाहिलं नव्हतं. हा पेपर होता, आणि चांगल्या नियतकालिकात छापून येण्यासारखा. माझी बढती पेपरांवाचून अडली होती, माझा कुडा काही फळ देत नव्हता, आणि इथे हे पान वाढून पुढे आलं होतं. मी सरांना म्हटलं, आधी पेपर करू. छापून आला की पंचायतीतही वजन पडेल. आणि छापायच्या आधी निष्कर्ष बाहेर सांगत नाहीत, तशी पद्धतच आहे.

"पंचायतीला वजन काय करायचं?" ते म्हणाले. "सगळी आपलीच माणसं हायत. त्यांना वाचता येईल असं कायतरी पायजे."

माझ्या तोंडावर काय दिसलं कोण जाणे. ते थोडा वेळ अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसले आणि म्हणाले, "तुजं काम व्हत असंल तर थांबू."

ते माझ्यासाठी थांबले. हे मी पुढे वर्षभर कुणाला सांगितलं नाही. विचारलं कुणी, तर पेपरचं काम लांबलं एवढंच सांगत राहिले. तेव्हा मी स्वतःचीही समजूत घातली होती, की पंचायत असल्या कागदांची सुरळी करून ठेवते. ग्रामसभा झाली. आमचा विषय तीत नव्हता.

पेपर मी त्याआधी, हिवाळ्यातच झपाटून लिहिला. देशोदेशीच्या डोंगरांवरच्या पर्यटनाचे संदर्भ जोडले, सरांचं नाव पहिलं घातलं, माझं दुसरं. त्यावर ते रागावले. "तू लिवलंस, तुजं पहिलं घाल." मी ऐकलं नाही आणि त्याबद्दल स्वतःला थोडी शाबासकीही दिली. जूनमध्ये परीक्षकाचं पत्र आलं. काम नवीन आहे, पण एका हंगामाची मोजणी अपुरी आहे. आणखी एका हंगामाची जोडावी.

मी पत्र घेऊन गेले तेव्हा मनातून ओशाळले होते. सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि खूश झाले. "बरोबर बोलतोय तो. त्याच्या जागी मी असतो तर हेच मागितलं असतं. आकड्याला दुसरा साक्षीदार पायजेच."

काकू ओट्याच्या कडेला तांदूळ निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "गेल्या साली पावसानं गुडघं धरलं व्हतं. आता परत उभं राहायचं?" सर म्हणाले, "चार महिन्यांचं तर हाय." मी तिथेच बसले होते. नको सर, राहू दे, आपण पहिल्या वर्षाचंच गावात सांगू, हे वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. मी चहाचा घोट घेतला.

तर सर दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा उभे राहिले. मी सुरुवातीला दोन-तीन रविवार गेले. मग विद्यापीठाच्या परीक्षा लागल्या, उत्तरपत्रिका आल्या, जाणं राहिलं. सर दर सोमवारी फोन करून आकडे सांगत. शेवटी विचारत, "जेवलीस का?" आणि उत्तर यायच्या आत फोन ठेवत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी खिंड तुंबली. वरून उतरणारा एक मोठा घोळका आणि खालून चढणारी कुटुंबं. एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन मध्येच अडकली. तिला बाहेर काढायला सर आत शिरले, तिला जागा द्यायला बाजूला झाले आणि त्यांचा पाय सुट्या दगडांवर पडला. ज्या दगडांवर किती माणसं पाय टाकतात ते मोजायला ते दोन वर्षं उभे होते, त्याच दगडांवर. हिराबाई वरून धावत आली. तिने वाडीतल्या माणसांना हाका मारल्या आणि त्यांनी सरांना चादरीच्या झोळीत घालून वाडीच्या वाटेने खाली आणलं. मी त्या वेळी घरी उत्तरपत्रिका तपासत होते.

कमरेचं हाड मोडलं होतं. पनवेलच्या दवाखान्यात मी गेले तेव्हा सर उताणे पडून छताकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, बोलावंच त्यांनी. ते म्हणाले, "हंगाम अर्धाच झाला गं. एवढ्यावर चालंल का, ते त्या माणसाला विचारून बघ."

मी त्यांचा हात धरून रडले. त्यांना वाटलं मी त्यांच्या दुखण्यासाठी रडते आहे. "दुखत नाय एवढं," ते म्हणाले. खरं काय ते मी तेव्हाही सांगितलं नाही.

पुढे ते उठलेच नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं होतं तसं झालं, खोकला छातीत उतरला आणि मार्गशीर्षात सर गेले. नंतर मी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. तुंबायची वेळ तीच, प्रमाण तेच. दुसऱ्या पावसाळ्याने पहिल्यापेक्षा नवीन असं काहीच सांगितलं नव्हतं. परीक्षकाला अर्धा हंगाम पुरला. पेपर छापून आला आणि मला बढती मिळाली. काकूंना मी अंक नेऊन दिला. त्यांनी सरांच्या नावावरून बोट फिरवलं, अंक देवघराच्या फळीवर ठेवला आणि मला जेवायला बसवलं.

मे महिन्यात ग्रामसभा होती. सरांनी मागितलेली मराठीतली दोन पानं मी आदल्या दिवशी संध्याकाळी लिहायला बसले आणि दिवेलागणीच्या आत ती लिहून झाली. सभेत मी ती वाचून दाखवली. सरपंच सुनंदाताई लक्ष देऊन ऐकत होत्या. चौथी-पाचवी शिकलेली माणसंही माना डोलवत होती. खिंड त्यांच्या पायाखालची होती, त्यात न कळण्यासारखं काही नव्हतंच.

"ही मोजणी कवाची?" सुनंदाताईंनी विचारलं.

"दोन पावसाळ्यांची."

"म्हंजे पहिल्या पावसाळ्यानंतरच सरांना समजलं व्हतं?"

"हो."

"मग आमाला गेल्या मे महिन्यातच का नाय सांगितलं?"

बायकांच्या रांगेत काकू बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "सर सांगणार होते," मी म्हटलं. "मीच त्यांना थांबवलं. माझ्या पेपरसाठी."

सुनंदाताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ग्रामसेवकाला ठराव लिहून घ्यायला सांगितला. एकाने सूचना मांडली, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, हात वर झाले. पहिल्या रविवारपासून दोरीवर कोण बसणार, तेही तिथल्या तिथे ठरलं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली होती.