शिरपाची निम्मी

कचेरीत माणूस कागद लावायला बसतो आणि किस्से साठवून बाहेर पडतो. पेन्शन कागदांची मिळते. किश्शांना ऐकणारा मिळाला तरी पुष्कळ.

लढाई संपल्यावर पलटणीतून सुटलेला हणमंता आमच्या सातारच्या कचेरीत पट्टेवाला म्हणून लागला. त्याच्या ट्रंकेत तांबड्या वाइनची एक बाटली होती. इटलीतल्या एका बंदरात अर्जेंटिनाच्या खलाशाकडून सिगारेटच्या दोन पाकिटांवर घेतलेली. एक पाकीट त्याचं, एक त्याच्याच पलटणीतल्या पलूसच्या शिरपाचं. घरी आल्यावर दोघांनी मिळून फोडायची होती. शिरपा तिकडंच राहिला.

"निम्मी माझी हाय, ती तुमी चाखा," हणमंता म्हणाला. "निम्मी त्याच्या आबास्नी द्याची. पण पोरगं दारू पीत हुतं म्हून म्हाताऱ्यानं दार लावलं, तर?"

आम्ही बाटलीला मधोमध दोरा बांधला.

*

वाइन कशी घेतात हे फक्त अवलकारकून गोडबोल्यांना ठाऊक होतं. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. शनिवारी कचेरी सुटल्यावर त्यांनी पेला खिडकीशी धरून रंग पाहिला, डोळे मिटून वास घेतला. घोटाची वेळ आली तेव्हा म्हणाले, "आज चतुर्थी आहे."

त्यांचं मत मात्र सगळ्यांत सविस्तर होतं.

*

नाझर काळ्यांनी बशीत ओतून फुंकर मारली. चहाची सवय.

"जांभळासारखी जिभेला धरते," ते म्हणाले. "मग हळूहळू ऊब येते. फार चांगली आहे हो."

"दोन पाकिटांची आहे, काळे," गोडबोले म्हणाले. "स्तुती बेतानं करा."

*

वाइन दोऱ्याशी आली. काळ्यांनी बशी पुन्हा पुढे केली. बाटली तिरकी धरल्यामुळे दोरा वर दिसतो, असं त्यांचं म्हणणं.

हणमंतानं बूच लावलं. "सायेब, ही मेलेल्याची हाय."

बशी मागे गेली.

*

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर पलूसला गेलो. शिरपाच्या आबांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली हातात फिरवली.

"पोरगं पीत हुतं?"

"व्हय, आबा." हणमंताची मान खाली.

आबांनी फुलपात्रात घोटभर ओतली. तोंडात बराच वेळ धरली.

"आंबट हाय," ते म्हणाले. "शिरपाला आंबट चालायचं न्हाई. ताक सुदिक कवा प्याला न्हाई."

मग बाटली त्यांनी हणमंतापुढं सरकवली.

"त्याची निम्मी बी तूच प्याला असतास. पी रं."