एल्फांची कोर्ट ऑफ इन्क्वायरी

१९७२च्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग साताऱ्याला झालं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये मी लेफ्टनंट होते. वय तेवीस. लढाईत जखमी झालेल्या, पण मोठ्या हॉस्पिटलची गरज संपलेल्या जवानांसाठी एका जुन्या इमारतीत तात्पुरता वॉर्ड उघडला होता. खाटा बावीस. साडेपाचला टेंपरेचर, सहाला चहा, आठला ड्रेसिंग, दहाला डॉक्टरांचा राउंड. दुपारी दोन ते चार कुणालाच काही काम नसे.

मी मूळची सांगलीची, पण शिकले पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये, इंग्रजीतून. जवानांशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागे. ते जुळेपर्यंत त्यांचं बोलणं पुढे गेलेलं असे. म्हणून मी दुपारी खुर्चीत बसून वाचत असे. एक दिवस लान्स नाईक दस्तगीर मुलाणीनं विचारलं, सिस्टर रोज त्या एकाच पुस्तकात काय बघतात. दस्तगीर कराडचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. समोर मजकूर असला की मला बोलता येतं. मी पुस्तक मराठीत सांगायला लागले.

ती एल्फ आणि माणसांची गोष्ट होती. एल्फ म्हणजे जंगलात राहणारे, माणसासारखेच दिसणारे, पण हजार वर्षं जगणारे लोक. नदीच्या वरच्या अंगाला एल्फांचं रान, खाली माणसांची गावं. माणसांनी रानातली एक राई तोडली. ती एल्फांच्या पूर्वजांची जागा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. एल्फांच्या सरदारानं वर बांध घालून पाणी अडवलं. खाली गुरं मेली, मग मुलं. बोलणी करायला एल्फांचा दूत संध्याकाळी निघाला, आणि माणसांच्या पहारेकऱ्यानं त्याला बाण मारला. पुढे चारशे वर्षं युद्ध. शेवटी तह होतो. दोष कुणाचा, ते लेखक सांगत नाही. दोन्ही बाजूंनी खूप सोसलं, एवढंच म्हणतो.

गोष्ट आठ दिवस चालली. शेवट कुणालाच पटला नाही. सुभेदार जाधव वॉर्डात सगळ्यांत वडील, कमरेपासून प्लास्टरमध्ये. ते म्हणाले, "दोघांचं सारखंच, असं म्हणलं की कुणाचंच न्हाई असं व्हतं. आमच्यात एक घोंगडी हरवली तरी कोर्ट बसतं. हितं चारशे वर्षं माणसं मेली."

कोर्ट ऑफ इन्क्वायरी फौजेत सगळ्यांना माहीत असते. साक्षी होतात, प्रश्न होतात, शेवटी दोष कुणाकडे जातो ते लिहिलं जातं. सुभेदारसाहेब प्रिसायडिंग ऑफिसर, म्हणजे कोर्टाचे प्रमुख झाले. दस्तगीरनं एल्फांची बाजू घेतली. मला लिहायला बसवलं.

दस्तगीरनं बाजू जोरात मांडली. राई तोडणारा माणूस मेला, त्याचा नातूही मेला, पण एल्फ अजून जिवंत आहे. त्यानं ती राई डोळ्यांनी पाहिलेली. "माणसाला सांगितलेलं असतंय," तो म्हणाला. "एल्फाला आठवतंय. सांगितलेलं इसरता येतं, साहेब."

सुभेदारांनी विचारलं, "पाणी कुणी अडवलं?"

"सरदारानं."

"खाली पोरं हायेत हे त्याला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् त्यो अजून जित्ता हाय. मग आधी त्यालाच उभा कर. ज्याला आठवतंय त्यानं आपलं केल्यालं पन आठवावं."

वॉर्ड हसला. दस्तगीरही हसला. राई तोडणाऱ्याच्या पणतवंडांवर तोडल्याचा दोष नाही, असं ठरलं. पण ती त्याच लाकडाच्या घरात राहतात, आणि आता राई कुणाची होती हे त्यांना कळलं आहे. कळल्यापासून पुढचा दोष त्यांचा. मी लिहून घेतलं.

राहिला पहारेकरी. त्याच्या जागी कुणी तरी साक्ष द्यायला हवी होती. सुभेदारांनी खाट नंबर नऊकडे बोट केलं. तिथे नाईक सर्जेराव होता. मांडीत स्प्लिंटर, तोफगोळ्याचा तुकडा, लागलेलं. जखम भरली होती, तरी जेवण अर्धं परत जायचं.

त्याच्याबद्दल मला एक गोष्ट खटकत होती. दर गुरुवारी विट्याकडच्या एका गावाहून हौसाबाई नावाची बाई एस.टी.नं यायची. तिचा मुलगा भीमराव लढाईत दुश्मनाच्या गोळीनं गेला, असं तिला फौजेच्या पत्रातून कळलं होतं. शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या ती जवानांना वाटायची आणि विचारायची, माझ्या भीमाच्या पलटणीतला कोण हाय का गा? सर्जेराव त्याच पलटणीतला होता. गुरुवारी तो तोंडावर चादर घेऊन पडायचा. बाकीचे गप्प राहायचे. मीही कधी बोलले नाही.

सर्जेराव उठून बसला. सुभेदारांनी विचारलं, पहारेकऱ्या, बाण का मारलास. त्यानं बाणाचं उत्तर दिलं नाही. रिपोर्ट देतात तसं लढाईतल्या एका संध्याकाळचं सरळ सांगितलं.

पासवर्ड रोज संध्याकाळी सहाला, स्टँड-टूच्या वेळी, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्चात उभे राहतात तेव्हा, बदलत असे. चार वाजता तिघांची पार्टी टेलिफोनची तार जोडायला गेली होती. साडेपाचला परत येणार, म्हणून त्यांना नवा पासवर्ड दिला नव्हता. त्यांना उशीर झाला. दोन दिवसांपूर्वी दुश्मन आदल्या दिवशीचा पासवर्ड सांगत जवळ आला होता आणि सेक्शनचे दोघे मारले गेले होते. तेव्हापासून फोनवर ऑर्डर होती: जुना शब्द, सीधा फायर. सहा वीसला उसातून कुणी आलं. पहाऱ्यावरच्या सर्जेरावनं ललकारलं, "थम. कौन आता है?" पुढच्यानं कालचा शब्द सांगितला. सर्जेरावनं गोळी झाडली. तो भीमराव होता. खऱ्या कोर्टात निकाल झाला होता: नो ब्लेम.

मी पेन खाली ठेवलं.

सुभेदार म्हणाले, "आवाज वळखला न्हाईस?"

"वळखला असं आता वाटतंय. तवा न्हाई."

"दोष तुझा न्हाई, सर्जा."

"कागदावर हाय तसं. मला म्हाईत हाय, साहेब."

"ऐक. दोष न्हाई. पन हातून झालंय. दोन येगळ्या गोष्टी हायेत. दोषाचं कोर्टानं बघितलं. दुसरीचं कोर्टाकडं न्हाई."

दस्तगीर एल्फांची बाजू विसरला होता. तो हळू बोलला, "त्या माऊलीला कुणी तरी सांगितलेलं हाय रं. खोटं."

सर्जेरावनं माझ्याकडे पाहिलं. मी ऑफिसर होते, भेटीची परवानगी माझ्या हातात होती. त्या एका वेळी वाक्य जुळवावं लागलं नाही. गुरुवारी दुपारी दोन वाजता व्हरांडा मोकळा असेल, एवढं मी सांगितलं.

गुरुवारी हौसाबाई आली. मी तिला व्हरांड्यात बाकावर बसवलं. सर्जेराव काठी टेकत आला आणि उभाच राहिला. मी जायला निघाले, तर तो म्हणाला, "सिस्टर, थांबा." त्यानं वेळेसकट सगळं सांगितलं. आपल्या बाजूचं काही जोडलं नाही. दुश्मनानं केलेला दगाही सांगितला नाही. तो मी नंतर सांगितला.

ती रडली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पत्रात जागीच गेला आसं हुतं."

"न्हाई, मावशी. धा मिनिटं हुता."

"कुणापाशी?"

"माज्यापाशी. मांडीवर घेतला हुता."

"बोलला काय?"

"तुज्यावर राग न्हाई म्हनला. मग पानी मागितलं."

"दिलंस?"

"व्हय."

ती पिशवी न उघडता उठली. गेटपाशी पोचल्यावर परत आली. "माझा राग हाय," ती म्हणाली. "त्यो त्याचं बोलला, मी माझं बोलती. पन त्याला शेवटाला बघितल्याला तूच एक हायेस. वर्षाच्या वर्षाला येत जा."

पुढच्या गुरुवारपासून ती वॉर्डात आली नाही. पाऊस लागायच्या आत वॉर्ड बंद झाला. त्या चौकशीचा कागद मी ठेवला नाही. पहारेकऱ्याच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं, आणि सुभेदारांनी ते विचारलंही नाही.

पाच वर्षांनी मी नोकरी सोडून सांगलीला परतले. मागच्या वर्षी सर्जेराव दर वर्षीसारखा हौसाबाईच्या गावाला गेला तेव्हा मीही बरोबर होते. हौसाबाईनं त्याला ओट्यावर बसवलं आणि शेजारच्या घरातल्या दोन मुलांना बोलावलं. त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, तसंच, वेळेसकट. ती शेजारी बसून ऐकत होती. एका ठिकाणी तो चुकला, तेव्हा तिनं दुरुस्त केलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानं माफी मागितलीही नाही.

सिपाही भीमराव. वय एकवीस. संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी गोळी लागली. साडेसहाला गेला. पाणी मिळालं होतं.