काकू मॅडम आणि साताऱ्याचा

नव्या माणसाला लोक नाव-गाव विचारतात. काकू मॅडम रक्तगट विचारायच्या. पुण्याहून रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन मी नोएडातल्या औषध कंपनीत रुजू झालो, वाकून नमस्कार केला, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ओ आहे का?" हो म्हटल्यावर इतक्या खूश झाल्या की मला वाटलं, यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे की काय! मुलगी नव्हती. प्रयोगशाळेत मलेरियाचे परजीवी होते. त्यांना जगायला माणसाचं रक्त लागतं, आणि ओ गटाचं रक्त सगळ्यात सोयीचं. पहिली बाही काकूंचीच वर व्हायची. "घरच्या पाहुण्यांना बाहेरचं कशाला?" म्हणायच्या.

त्या मूळच्या सांगलीच्या, नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीकर झालेल्या. मी त्यांना काकू म्हणायचो. पंजाबी सहकाऱ्यांना ते मॅडमचं नावच वाटलं आणि त्या कायमच्या काकू मॅडम झाल्या. नव्वदची ती वर्षं. काल जिथे गहू उभा होता तिथे आज सेक्टरचा आकडा लागायचा, आणि जो तो गाडी घ्यायच्या गोष्टी करायचा. काकू मात्र चार्टर्ड बसमधून डबा मांडीवर घेऊन यायच्या आणि आल्या आल्या मेणबत्ती पेटवायच्या.

लोणच्याच्या बरणीहून मोठी अशी एक काचेची बरणी होती. परजीवींच्या बशा तिच्यात ठेवायच्या, शेजारी पेटती मेणबत्ती, आणि वर झाकण. आतला प्राणवायू कमी झाला की ज्योत विझते. तेवढीच हवा त्या किड्यांना मानवते. आमच्याकडे गॅसची नवी नळकांडी आली होती, पण काकूंचा भरवसा मेणबत्तीवर. एकदा घाईत मी ती फुंकायला गेलो तर हातावर चापट बसली. "फुंकायची नाही. तिची ती विझू दे." मग हाताची घडी घालून त्या समोर उभ्या राहायच्या. काका चेष्टेने म्हणत, हिने घरच्या देवांसमोर कधी इतका वेळ काढला नाही.

जुन्या गोळ्यांना परजीवी दाद देईनासे झाले होते. पोटात शिरलेलं औषध ते बाहेर फेकून द्यायचे. काकूंना ही गोष्ट स्वयंपाकघरातली वाटायची. "माझा मुलगा अस्साच होता. गोळी गिळली असं दाखवायचा आणि मागच्या मागे थुंकायचा. याला थुंकताच येणार नाही असं काहीतरी घशात अडकवायला हवं." म्हणजे जुन्या औषधाच्या रेणूला असं अवजड शेपूट जोडायचं, की ते परजीवीला बाहेर ढकलता येऊ नये. शेपटं जोडायचं काम माझं. मी नवा रेणू घेऊन गेलो की त्या म्हणायच्या, "चला, साताऱ्याच्याला वाढू."

साताऱ्याचा हा आमच्याकडचा सगळ्यात चिवट वाण. सातारा जिल्ह्यातला एक जवान ईशान्येकडून ताप घेऊन दिल्लीच्या लष्करी इस्पितळात आला होता. एकही औषध लागू पडेना. त्याच्या आईला मराठीशिवाय काही येत नव्हतं, म्हणून तिथल्या ओळखीच्या डॉक्टरांनी काकूंना बोलावून घेतलं. मुलगा गेला तेव्हा त्या माउलीचा हात काकूंच्या हातात होता. "त्याचं थोडं रक्त आम्ही ठेवून घेतलंय," काकूंनी सांगितलं, "औषध शोधायला." ती म्हणाली, "दुसरीच्या पोराला तरी लागू पडंल न्हवं?" काकू हो म्हणाल्या. त्या एका शब्दाला त्यांनी पुढे स्वतःला बांधून घेतलं.

पेन्शनच्या कामासाठी ती बाई अधूनमधून दिल्लीला यायची, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरायची. काकू मलाही घेऊन जात. कंदी पेढ्यांची पुडी हातात देत ती दोनच गोष्टी विचारायची. "झालं का वो औषिद?" आणि मग, खाली बघत, "माझ्या पोराचं रगात जितं हाय न्हवं?" काकू तेव्हा फक्त तिचा हात हातात घ्यायच्या.

पोराचं रक्त केव्हाच संपलं होतं. बशीत जिवंत होता तो त्याला मारणारा परजीवी, आणि तो पोसला जात होता काकूंच्या रक्तावर. परतताना मी एकदा म्हटलं, "काकू, खरं काय ते सांगून टाका ना."

"काय सांगू? तुझ्या लेकाला ज्यानं खाल्लं, त्याला मी जपतेय, असं?"



आणि एका सकाळी एका बशीतला साताऱ्याचा मेला. माझ्या एका लांब शेपटाच्या रेणूने त्याला मारलं. दुसऱ्या बशीत मारलं, तिसऱ्यात मारलं. काकूंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, डोळे भरून आले होते. "थुंकता नाही आलं रे मेल्याला," म्हणाल्या. आम्ही उंदरांपर्यंत पोहोचलो. तिथेही गुण दिसला.

तेवढ्यात कंपनीला परदेशी भागीदार मिळाला. नवी काचेची इमारत, रक्तदाबाची औषधं, आणि जिवंत जंतू आत नकोत. "काकू मॅडम, मलेरिया का मार्केट कहाँ है?" साहेबांनी विचारलं. "बुखार तो है ना, साहब?" काकू म्हणाल्या. साहेब वाईट नव्हते, त्यांनी मान खाली घातली. वाण दुसऱ्या संस्थेला देऊ म्हटलं, तर ती कंपनीची मालमत्ता. माझा रेणूही मालमत्ताच. तो एका कपाटात गेला.

शेवटच्या दिवशी बशांमध्ये ब्लीच ओतायचं होतं. मी करतो म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. वाण गोठवून ठेवलेल्या कुप्याही त्यांनीच संपवल्या. मग रिकामी बरणी धुतली, पुसली, आणि सवयीने आत मेणबत्ती लावून झाकण ठेवलं. बरणीत काही नव्हतं. तरी ज्योत विझेपर्यंत त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मला रडू आवरेना म्हणून मी बाहेर गेलो.

त्यानंतर जवानाची आई आली तेव्हा मला वाटलं, काकू जाणार नाहीत. गेल्या. पेढे घेतले. "झालं का वो औषिद?" "नाही झालं," काकू म्हणाल्या. मग नेहमीचा दुसरा प्रश्न आला, रक्ताचा. काकूंनी आपला डावा हात कोपराशी, जिथे आम्ही वर्षानुवर्षं सुई टोचत आलो तिथे, उजव्या हाताने धरला. "आहे," त्या म्हणाल्या. "जपून ठेवलंय." त्या कधी खोटं बोलत नसत. तेव्हाही बोलल्या, असं मी म्हणणार नाही.

त्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. माझ्या हातून पुढे बरीच औषधं बाजारात आली, सगळी रक्तदाबाची. पुढच्या खेपेला जवानाच्या आईचा निरोप आला तेव्हा मी एकटाच अतिथिगृहावर गेलो. काकू गेल्याचं सांगितल्यावर म्हातारीने पदर तोंडाला लावला. रडून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. औषधाचं तिने विचारलं नाही.

"मग आता त्ये रगात?"

माझाही गट ओच. "माझ्याकडे आहे, आई," मी म्हटलं.