माझी व्हँपायरांची गड्डी

पत्त्यांचं नवं पाकीट फोडलं की शाईचा आणि डिंकाचा एक कोरा, जरासा आंबूस वास येतो. काल शेजारच्या मुलीनं माझ्या ओट्यावर बसून असं पाकीट फोडलं आणि इतक्या वर्षांनी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला बिचारीला कळेना, मावशीला अचानक काय झालं. तुम्हाला सांगते, कारण घरी सांगितलं की सगळे हसतात.

टेंभुर्णीला, दोन हजार सालानंतरच्या त्या सुट्ट्यांत, मी आणि माझा थोरला भाऊ ड्रॅगन-राक्षसांच्या पत्त्यांनी झपाटलो होतो. ज्याचे पत्ते भारी तोच जिंकणार, असा अख्ख्या गल्लीचा समज. एकदा नशिबानं मला पाकिटात सोनेरी ड्रॅगन लागला. तो मी जालन्याच्या आतेभावाला देऊन टाकला आणि बदल्यात त्याचे टाकाऊ व्हँपायर घेतले, चांगले मूठभर. दादा पोट धरून हसला. "येडी झाली का? भंगार घेऊन आली!" पण त्या फिक्कट, काटकुळ्या चेहऱ्यांना मी दुपारभर जिन्यात बसून निरखलं होतं. ड्रॅगन उतरवायला चार-पाच डाव दम धरावा लागतो; माझे व्हँपायर पहिल्याच डावाला उतरायचे, आणि त्यांचा घाव बसला की समोरच्याचा जीव जेवढा घटेल तेवढा आपला वाढायचा. अट एकच, हल्ला थांबवायचा नाही. राखून ठेवलेला व्हँपायर म्हणजे नुसता कागद. एक पत्ता काढ, दुसरा घाल, असं करत मी ती गड्डी जुळवली, आणि तिनंच दादाला इतक्यांदा हरवलं की त्याचं हसणं बंद झालं.

मग जालन्याच्या एका खेळण्यांच्या दुकानात सामने ठरले. मी वेणी घालून तयार, आणि वडील म्हणाले, "पोरीच्या जातीनं चारचौघांत पत्ते कुटायचे? बिलकुल न्हाई. त्याला खेळू दे, तू बस बाजूला बघत." दादानं माझ्या हातातून गड्डी घेतली, जशी काही त्याचीच होती.

दुकानात मी त्याच्या पाठीशी उभी. त्याच्या हातात व्हँपायर होते आणि हा शहाणा ते छातीशी धरून बसला, म्हणे पुढं बचावाला कामी येतील! मला राहवेना. "दादा, टाक ना! जल्दी टाक, ड्रॅगन यायच्या आत!" दुकानदार खेकसला, "ए पोरी, मागून बोलायचं न्हाई." समोरच्याचा ड्रॅगन आला. दादा हरला. परतीच्या बसमध्ये त्यानं गड्डी माझ्या मांडीवर फेकली. "तुझे पत्तेच फालतू व्हते." घरी आईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "आता तू तोंड फुगवू नको, तो आधीच हिरमुसलाय."

काळ राग निववतो म्हणतात. माझा निवला नाही, आणि खरं सांगू, निवावा असं मला वाटतही नाही. आजही कुणाच्या लग्नात चार पोरं भोवती जमली की दादा सांगतो, "जालन्याला खेळलो होतो मी, थोडक्यात हुकलं." पोरं डोळे विस्फारून ऐकतात. मी खेळले असते तर जिंकलेच असते, असं मी म्हणत नाही. समोरचा पोरगा हुशार होता. कदाचित मीही हरले असते, घरी येऊन रडले असते, आणि सकाळी पुन्हा गड्डी जुळवायला बसले असते. ती हार माझी होती. तीसुद्धा तोच मिरवतोय.