इंदुमतीच्या गळ्यातली वसुधा

इंदुमती दुसरेपणावर चिंतामणच्या घरात आली, तेव्हा सासूनं सगळ्यात आधी तिच्या गळ्यात वसुधाला घातलं. वसुधा म्हणजे इंदूरच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम असलेल्या चिंतामणची पहिली बायको, बाळंतपणात गेलेली. पहिलीचा चांदीचा टाक दुसरीनं गळ्यात वागवायचा, म्हणजे ती छळायला येत नाही, अशी रीत. टाक एवढासा, पण मंगळसूत्राशेजारी सवत रात्रंदिवस लोंबकळतेय म्हटल्यावर कुणाच्या अंगाची आग होणार नाही?

आणि त्या वसुधाचं कौतुक तरी किती! तिच्यासारखी आमटी नाही, तिच्यासारखं हसणं नाही. ती नवऱ्याला लाडानं 'जॉबरसाहेब' म्हणायची, हेही चिंतामणनं इंदुमतीलाच दहादा ऐकवलेलं. जिवंत बाईशी निदान भांडता येतं. मेलेलीला कुठं गाठणार? अंघोळीच्या वेळी इंदुमती तो टाक चांगला खसाखसा घासायची, तेवढंच समाधान.

मग मिल बंद पडली. कुणी पोह्यांची गाडी लावली, कुणी सांवेर रोडच्या कारखान्यांत लागलं. चिंतामण मात्र ओट्यावर बसून राहिला. "गेट खुलेल न. जॉबर माणूस काय प्लास्टिकच्या बाल्ट्या बनवेल?" इंदुमतीनं विनवलं, आदळआपट केली. हळूहळू त्याचं जेवणही सुटलं. हा माणूस बसल्याबसल्या हातचा जाणार, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला.

एका संध्याकाळी त्यानं ताट सरकवलं. "वसुधा असती न, तर समजली असती."

झालं! इंदुमतीनं टाक हिसडून तोडला आणि अंगणात भिरकावला.

"पागल झालीस का? ती येईल न!" चिंतामण पांढराफटक पडला.

"आलेच आहे मी, जॉबरसाहेब," इंदुमती म्हणाली. नुसती रागानं, वेडावून म्हणाली हो! पण त्याचे डोळे एकदम भरून आले. लग्न झाल्यापासून त्यानं तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं सवतीच्याच तोंडानं त्याला जेवायला सांगितलं आणि सकाळी सांवेर रोडला जायला बजावलं. तो जेवला. सकाळी गेलाही.

त्यानंतर वसुधा रोज संध्याकाळी येऊ लागली. चिंतामण तिला कारखान्यातल्या गमती सांगायचा, हसायचा, मागून वाढून घ्यायचा. घर सावरलं. शेजारणी म्हणायच्या, हिला पहिलीनं धरलंय. इंदुमती जळत होतीच, फक्त आता स्वतःच्याच तोंडावर.

एका रविवारी तिला राहवलं नाही. केसांत गजरा माळून ती त्याच्याजवळ बसली आणि आपल्या आवाजात म्हणाली, "अहो, लालबागेत मेला लागलाय, पाळणे आलेत. चला न, आपण दोघं जाऊ."

चिंतामणनं मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ न इंदू. थोडी रुक. ती आली की निघू."