मेंढरं हलायच्या आत पोचायचा डबा

परवा दुपारी ऑफिसमध्ये माझे हात गार पडले... आणि बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता.

मी इथे संभाजीनगरात जनावरांच्या औषधांच्या एका वितरकाकडे काम करते. कुठली गाडी कधी, कुठल्या रस्त्याने जाणार ते ठरवते. सरांचा नियम एकच... गाडी भरल्याशिवाय निघायची नाही.

लासूर स्टेशनकडच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. मेंढ्यांची लस आजच हवी होती, एकच डबा. आमची गाडी त्या बाजूला दोन दिवसांनी जाणार होती.

थांबा म्हणाले असते... पण कळप खतासाठी एका शेतात बसवलेला होता. आमचं घर मेंढपाळांचं, शाळेत गेलेली मीच पहिली. शेत बसवून झालं की कळप पुढे निघतो, लसीसाठी कुणी थांबत नाही.

सर म्हणाले, "एसटीनं टाकून दे की. जातंय सगळं."

"सर, इंजिनाजवळ ठेवला आणि तापला तर?"

"बर्फ आहे ना आत? लई विचार करती तू."

खरी भीती तीच होती. उन्हाने खराब झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. डॉक्टर टोचणार, मेंढपाळ निर्धास्त होणार... आणि पावसाळ्यात रोग येऊन मेंढरं मेली तरी माझं नाव कुणी घेणार नाही.

"एसटीनं नाही पाठवणार मी, सर." माझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही...

"मग एका डब्यासाठी रिकामी गाडी पळवायची?"

मी त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना फोन लावत सुटले. दोन दिवसांनी येणारा माल आजच उतरवून घ्याल का? बहुतेकांनी "नाय जमणार ताई" म्हणून ठेवून दिला. दोघे तयार झाले.

गाडी अर्धीही भरली नाही. तरी सरांनी गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली, आणि मी डबा चढवून गाडी सोडली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, त्यांनी तो कळपाबरोबरच्या एका मावशींच्या हातात दिला.

"पोरी, घोड्यावर बिऱ्हाड लादून झालतं बघ. पुढचा शेतवाला शिव्या देऊ लागला. डाक्टरनं हात जोडले म्हून थांबलो. टोचलं, आता निघतो."



त्या दोन दुकानदारांचे मनापासून आभार. खर्च तरीही जास्तच झालाय, त्याचा विषय मीटिंगमध्ये निघणार... पण तिथे मला समोर उभं करून विचारतील तरी. ज्या चुकीबद्दल कुणी कधी विचारणारच नव्हतं, ती घेऊन मला झोप लागली नसती.