सूर्यभानानं सरळ केलेले खिळे

आमच्या पाथर्डीचा सूर्यभान भलताच हौशी, बरं का! जत्रेत खिळ्यांमधून गोळी सोडायचा खेळ असतो ना, त्याच्या जुन्या मोडक्या फळ्या तो जमवायचा आणि दुरुस्त करायचा. एकाहत्तर साली खेळवाल्या गोरक्षानं आपली फळी त्याच्याकडं दिली. सूर्यभानानं स्प्रिंग बदलली, रंग दिला, वाकलेले खिळेही सरळ केले. मग काय, जत्रेत जो तो बक्षिसाच्या भोकात गोळी पाडू लागला! दुपारीच गोरक्षाचं दुकान रिकामं.

"आरं येड्या, ते खिळं म्या मुद्दाम वाकवलं हुतं!"

भरपाई म्हणून गोरक्षानं सूर्यभानाची सगळ्यात लाडकी शिसवी फळी उचलली आणि त्याच्यासमोरच पकडीनं तिचे खिळे वाकवले. त्यानंतर सूर्यभानानं एकही फळी घरात आणली नाही.